खडाखडी

गेला महिनाभर आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी एक बारा वर्षांची मुलगी उलटी चालते. उलटी म्हणजे अगदी पाठमोरी नव्हे. खेकडा आणि नववधू यांच्या मधल्या कुठल्याशा चालीने, अंग तिरकं ठेवून, गुडघ्यांत वाकून, नजर जमिनीवर खिळवून ती पाण्याच्या टाकीपासून तुळशीच्या कुंडीपर्यंत सरकत जाते आणि कुंडीला टाच लागली की परत टाकीपाशी येऊन पहिल्यापासून सुरू करते. समोरच्या माडीवरच्या आजींनी पहिले दोन दिवस हे मुकाट्याने पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. वाळत घातलेल्या सांडग्यांवरून हात फिरवत त्यांनी हलक्या आवाजात मला विचारलं, "पोरीला काय चावलं-बिवलंय काय?" मी म्हटलं, "फुटबॉलचा सराव आहे, आजी." आजींनी गच्चीभर नजर फिरवली. "मग बॉल कुठाय?" त्या म्हणाल्या. प्रश्न बिनतोड होता. चेंडू त्या वेळी माझ्यापाशी होता आणि मी टाकीला टेकून धापा टाकत होतो.

झालं असं की तिच्या प्रशिक्षकांनी तिला बचावात टाकलं. 'टाकलं' हा शब्द तिचाच. मुलं पुढे 'खेळतात' आणि मागे 'टाकली' जातात, हे मराठीलाही ठाऊक आहे. वर्गातल्या प्रत्येकाला सात किंवा दहा नंबर हवा होता आणि तिच्या वाट्याला चार नंबर आला. घरी येऊन ती रागाने म्हणाली, "मी नाही जात आता. मला मागं टाकला." आमच्या कोल्हापुरात मुली बोलण्यात सर्रास पुल्लिंगी असतात, 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यामुळे तिचा रागही जरा दांडगा वाटतो. मी चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला. आतून मात्र वडिलोपार्जित शेताचा एक विसरलेला तुकडा पोरीच्या नावावर झाल्यासारखं सुख वाटत होतं. एके काळी मीही मागेच टाकलेला होतो.

प्रशिक्षकांनी घरचा अभ्यास दिला होता तो एकास एक बचावाचा, म्हणजे समोर एकच गडी, त्याच्यापाशी चेंडू आणि आपल्यामागे राखायचं ठिकाण. अभ्यासाला आक्रमक लागतो. घरात आक्रमक म्हणावं अशी व्यक्ती एकच आहे, पण त्या वेळी ती स्वयंपाकात असते. तेव्हा बावन्नाव्या वर्षी ती जबाबदारी माझ्यावर आली. मी चेंडू घेऊन निघतो. चेंडू आणि मी बहुतेक वेळा एकाच दिशेला जातो. डाव्या खांद्याने हूल देऊन मी उजवीकडे वळतो आणि वळेपर्यंत माझ्या कमरेतून जो आवाज येतो, त्यावरून पोरीला माझा बेत आधीच कळतो. तरीही ती चेंडू घ्यायला येत नाही, नुसती समोर असते. मी एक पाऊल पुढे टाकलं की ती तेवढीच मागे सरकते आणि थांबलो तर थांबते. सुरुवातीला मला हे फार अपमानास्पद वाटलं. आपण एवढा जीव काढून हल्ला करावा आणि समोरच्याने बँकेतल्या कारकुनासारखं आपल्याकडे नुसतं पाहत राहावं!

या प्रकाराला तिचे प्रशिक्षक 'जॉकी करणं' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रेसकोर्स आठवला. पण या जॉकीकडे घोडा नसतो. घोडा समोरून येत असतो आणि याने पायी मागे मागे जात त्याला कंटाळा आणायचा असतो. आक्रमकाकडे जाताना पहिलं अंतर झपाट्याने तोडायचं, पण शेवटच्या तीन-चार पावलांत वेग मारून पावलं बारीक करायची, नाहीतर तो तुमच्याच वेगाने तुम्हाला ओलांडतो. त्याच्यासमोर चौरस उभं राहायचं नाही. चौरस उभ्या माणसाच्या दोन पायांमधून चेंडू जातो, आणि सोबत अब्रूही. एक पाय पुढे, अंग तिरकं, वजन चवड्यांवर, मध्ये एक-दीड हाताचं अंतर. मागे सरकताना पायावर पाय चढू द्यायचा नाही. त्याच्या ज्या पायात कसब कमी, तिकडची बाजू मोकळी ठेवायची आणि आतली वाट बंद करून त्याला कडेच्या रेषेकडे नेत राहायचं. ती रेषा हा तुमचा बारावा गडी असतो, तो कधी दमत नाही आणि त्याला चकवता येत नाही. मग वाट पाहायची. कधीतरी चेंडू त्याच्या पायापासून वीतभर जास्त सुटतो. त्या वीतभरासाठी हा सगळा संसार.

मला हे शिकवलं ते आमच्या तालमीतल्या वस्तादांनी, पण त्यांच्या तोंडी 'जॉकी' नव्हता. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींच्या कुशीत वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं बाहेरच्या माणसाला कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात, आणि त्याचं चुकतही नाही. प्रॅक्टिस नावाचा क्लबसुद्धा आमच्याकडे आहे. एका संघाच्या नावातच सराव येऊन गेल्यामुळे की काय, बाकीच्या पेठांतल्या पोरांना सरावाचा कंटाळा होता. आमच्या वस्तादांची हयात लाल मातीत गेलेली. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेत त्यांनी तरुणपणी कुस्त्या केल्या होत्या आणि उतारवयात पोरांच्या नादाने ते गांधी मैदानावर येऊन बसू लागले होते. ऑफसाइडचा नियम त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. "पुढं थांबलाय तर थांबू दे की, त्येचं पाय दुखत असतील," असं त्यांचं म्हणणं. पण समोरासमोर दोन माणसं उभी राहिली की त्यांतला कोण आधी फसणार हे त्यांना आम्हा सगळ्यांच्या आधी दिसायचं.

कुस्तीत हात भिडल्यावर लगेच डाव पडत नाही. पैलवान एकमेकांच्या मनगटाला, मानेला हात लावून बघतात, झटकतात, अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे. त्याला खडाखडी म्हणतात. नवख्या प्रेक्षकाला वाटतं की हे अजून सुरूच झालेलं नाही. जाणत्याला माहीत असतं की कुस्ती निम्मी इथेच होऊन जाते. वस्तादांनी बचाव म्हणजे खडाखडी एवढंच आम्हाला सांगितलं. "घुसू नगंस," ते ओरडायचे, "त्यो घाईत हाय, तू न्हाईस. खडाखडी लांबीव." आणि दुसरं: "बॉल बघ. डोळं खोटं बोलत्यात, खांदं खोटं बोलत्यात. बॉल न्हाई बोलत." पुढे मोठेपणी मी नोकरीत, लग्नाच्या बैठकांत, सोसायटीच्या सभांत बरेच डोळे आणि खांदे पाहिले. तिथला बॉल कुठे असतो हे मात्र मला कधी सापडलं नाही.

आणि लिंबं. समोरचा निसटू लागला की बचाव करणाऱ्याचा हात आपोआप त्याच्या बनियनकडे जातो. बुडणाऱ्याने काठावरची वेल धरावी तसा तो हात जातो, मनाला न विचारता. यावर वस्तादांचा उपाय म्हणजे सरावाच्या आधी ते आमच्या दोन्ही मुठींत एकेक लिंबू द्यायचे. मूठ मिटलेली ठेवायची, म्हणजे पकडायला बोटंच उरत नाहीत. अर्ध्या तासाने लिंबं परत. ते एकेक लिंबू उन्हात धरून जवाहिऱ्यासारखे फिरवून पाहायचे. सालीवर नख रुतलेलं दिसलं तर मैदानाला दोन फेऱ्या, कारण नख रुतलं म्हणजे घाबरून मूठ आवळली होती. हात रिकामे असून भागत नाही, ते निवांतही असावे लागतात, असा तो कडक कायदा होता. मग त्याच लिंबांचं सरबत व्हायचं. आमच्या मुठींतल्या घामाची चव त्यात उतरत असणार, पण तेव्हा ते अमृत वाटे. परदेशातले काही प्रशिक्षक याच कामासाठी पोरांच्या हातात टेनिसचे चेंडू देतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्यांच्याकडे सरबताची सोय नाही.

तालमीत भाड्याचा व्हीसीआर आणून एकदा आम्ही १९८६च्या विश्वचषकाची कॅसेट पाहिली. इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाचा तो दुसरा गोल. पोरं चेकाळली, रिवाइंड करून करून फीत झिजवली. वस्ताद चौथ्या वेळी म्हणाले, "त्यो थोराड गोरा कोण?" तो इंग्लंडचा बचावपटू टेरी बुचर होता. आम्ही कुणी तोवर त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. मॅराडोना त्याला वाटेत चकवतो आणि निघून जातो. फेनविकला चकवतो. गोलरक्षक शिल्टनला चकवतो. आणि तो चेंडू मारणार इतक्यात मागून एक पाय आडवा येतो, तो पुन्हा बुचरचाच. म्हणजे एकदा फसलेला हा माणूस वळून तेवढं अंतर पळत आला होता, दुसऱ्यांदा फसायला. "ह्येला म्हणायचं गडी," वस्ताद म्हणाले आणि उठून गेले. आता तो गोल पडद्यावर लागला की बायको म्हणते, काय सुंदर! मी म्हणतो, हो ना, किती पळाला बिचारा. आम्ही दोघं एकाच खोलीत बसून दोन वेगळे सामने पाहत असतो.

सगळेच बचावपटू असे केविलवाणे नसतात, हेही सांगायला हवं. १९८२च्या विश्वचषकात इटलीच्या क्लाउडिओ जेंटिलेने आधी मॅराडोनाला आणि मग ब्राझीलच्या झिकोला असं काही चिकटून धरलं की झिकोचा शर्ट फाटला. इटालियन भाषेत 'जेंटिले' म्हणजे सौम्य, सभ्य. आपल्याकडे एखादा शांताराम गल्लीत गोंधळ घालतो त्यातला हा प्रकार. जेंटिलेच्या मुठींत दोन लिंबं असती तर झिकोचा शर्ट वाचला असता आणि इटलीत सरबताची गंगा वाहिली असती. याच्या अगदी उलट इंग्लंडचा बॉबी मूर. १९७०च्या विश्वचषकात ग्वादलाहारात ब्राझीलचा जैरझिन्यो वाऱ्यासारखा त्याच्यावर चालून आला. मूर मागे सरकत राहिला, सरकत राहिला, आणि ऐन पेनल्टी क्षेत्रात अत्तराच्या कुपीचं बूच काढावं तसा त्याच्या पायातून चेंडू काढून घेतला. पन्नासहून जास्त वर्षं लोक त्या क्षणाचं कौतुक करतायत. तो सामना इंग्लंड एक-शून्यने हरला होता, आणि गोल केला होता जैरझिन्योने.

माझ्या नावावर असा एकच क्षण आहे. शाहू स्टेडियमवरचा सामना, गॅलरी गच्च, दोन्ही पेठांचा सगळा गोतावळा हजर. समोरचा गडी चेंडू घेऊन आला. मी तिरका झालो, पावलं बारीक केली, मागे सरकलो, सगळं लिंबांबरहुकूम. तेवढ्यात गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "घे की त्येला!" आणि मी घेतला, म्हणजे घ्यायला गेलो. त्या गड्याने चेंडूवर नुसता तळवा ठेवला, एक क्षण थांबला, आणि मी त्याच्या शेजारून घसरत जाऊन स्टेडियमच्या मधोमध मांडी घालून बसलो. इतका नीट बसलो की ताट-पाणीच घ्यायचं बाकी होतं. गोल झाला. हजारो लोकांचं हसू कानावर पडतं तेव्हा त्यात कुणाचंच वैर नसतं, एखादी सर पडून जावी तसं ते पडून जातं, फक्त आपण एकटे भिजतो. तेव्हापासून पेठेत माझं नाव 'बैठक' पडलं. तालमीत जोर-बैठका मारणाऱ्या पोरांत तो गौरवही समजता आला असता. मी तसं समजायचा प्रयत्नही केला.

पंधरा दिवस मी मैदानावर गेलो नाही. सोळाव्या दिवशी वस्ताद घरी आले. दार आईने उघडलं. माझी आई ही काय चीज होती ते मला त्या दिवशी कळलं, तोवर मी तिला फक्त आई समजत होतो. आमच्या दारी विमेवाले, साडीवाले, वर्गणीवाले, उसनं मागणारे लांबचे भाऊबंद असे नाना तऱ्हेचे आक्रमक यायचे, पण उंबऱ्याच्या आत फारसं कुणी आलेलं मला आठवत नाही. ती कुणाला 'नाही' म्हणत नसे. एक पाय उंबऱ्यावर, अंग तिरकं, पदर कमरेला. गोड बोलत, चौकशी करत, एखादं पाऊल बाहेर टाकत ती पाहुण्याला कडेकडेने अंगणातल्या कट्ट्यापर्यंत नेई. तिथे बसवून पाणी देई आणि त्याचं बोलणं एखाद्या वाक्यावर जरा सैल पडलं की, "बरं, मग सावकाश जावा." तिला वाटत होतं की वस्ताद मला परत मारामारीच्या खेळात न्यायला आलेत. खिडकीतून मी पाहत होतो. वस्ताद उजवीकडून आत यायला बघत, आई तेवढीच सरके. ते डावीकडून चपला काढू लागले, तर तिने तांब्या आणायच्या निमित्ताने डावी बाजू अडवली. दोन-चार मिनिटं अशी खडाखडी झाली. मग वस्तादांच्या ध्यानात आलं. ते थांबले, तिच्या पायांकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. "वैनी," ते म्हणाले, "पोरगं माझ्याकडं कशाला धाडता वो? घरातच तालीम हाय की!" आईला काही कळलं नाही, पण स्तुती आहे एवढं कळलं. तिने उंबरा सोडला. मी पाहिलेल्या सामन्यांत तिच्यावर झालेला तो एकमेव गोल.

बचावाची खरी अडचण अशी की तो साधला तर काही घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टी कुणाला दाखवता येत नाहीत. आईने दारात परतवलेल्या माणसांची नोंद कुठल्या वहीत असणार? विश्वचषक आला की आमच्या चौकाचौकात मेस्सी-रोनाल्डोचे घरांएवढे उंच फलक लागतात, पण एखाद्या स्टॉपरचा फलक मी अजून पाहिलेला नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला तेव्हा आम्ही सगळे सुखावलो. तोही पुढेच खेळणारा. 'बॅलन डी'ऑर' हा फुटबॉलमधला मानाचा पुरस्कार २००६ साली फाबिओ कान्नावारो या उंचीने बेताच्याच बचावपटूला मिळाला होता, त्यानंतर एकाही बचावपटूला मिळालेला नाही. आणि आपला जर्नैल सिंग! आशियातला एक भारी स्टॉपर. १९६२च्या आशियाई खेळांत त्याचं डोकं फुटलं, टाके पडले, म्हणून प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून पुढे उभा केला. जाकार्तातल्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला, भारताने दक्षिण कोरियाला दोन-एकने हरवून सुवर्ण मिळवलं. त्याने वर्षानुवर्षं अडवलेले चेंडू कुणाला आठवत नाहीत. आठवतो तो डोक्याला जखम असताना, आपली जागा सोडून केलेला गोल.

हे मी मुलीला सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी तिने फ्रिजमधून दोन लिंबं काढून मुठींत घेतली. वस्तादांची गोष्ट तेवढी तिला मी सांगून बसलोय. ऊन टाकीमागे गेलं होतं, समोरच्या आजी सांडगे गोळा करता करता थांबल्या होत्या. मी चेंडू घेऊन निघालो. डावा खांदा टाकला, ती हलली नाही. उजवा टाकला, कंबर बोलली, ती तेवढी सरकली. मी थांबलो. ती थांबली. गच्चीचा कठडा माझ्या डाव्या कोपराला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली पाच मिनिटं मी हवं तिकडे जात नव्हतो, मला नेलं जात होतं. अंग तिरकं, एक पाय पुढे. ती उभी राहण्याची तऱ्हा मी कुठेतरी पाहिलेली होती, आणि ती गांधी मैदानावर नव्हे. माझी आई तिच्या जन्माआधी दोन वर्षं गेली.

"घे की त्येला!" समोरच्या गच्चीवरून आजी ओरडल्या. मी पाहत राहिलो. पोरीने आजींकडे पाहिलंसुद्धा नाही. मी दमून एक खोल श्वास घेतला, चेंडू बुटापासून वीतभर सुटला, आणि तिने पुढच्या पायाच्या अंगठ्याने तो हलकेच ढकलला. चेंडू घरंगळत जाऊन तुळशीच्या कुंडीला टेकला.

"पप्पा, मी घेतला?"

"घेतलास."

"मुद्दाम नाही ना सोडला?"

"नाही गं."

खालून हाक आली, पोहे झालेत, लिंबं कुठे नेलीत? पोरीने मुठी उघडून दोन्ही लिंबं माझ्या तळहातावर ठेवली आणि जिन्याने धाडधाड खाली पळाली. लिंबं कोमट होती. उतरत्या उन्हात मी ती फिरवून पाहिली. एक अगदी गुळगुळीत, दुसऱ्यावर नखाची बारीक चंद्रकोर उमटलेली. ते मी खिशात टाकलं आणि गुळगुळीत तेवढं खाली नेऊन दिलं.